फाळका वाजतोय तोवर

आमच्या धुळ्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींनी परवा अगदी गोड शब्दांत मला सांगितलं की मी जिना फार आपटत चढते. त्यांचं बरोबर आहे. मी आपटतच चढते. गुडघे दुखत असतात, हातातली पिशवी जड असते, दिवसभर वर्गात उभं राहून जीव अगदी दमून गेलेला असतो, तरी प्रत्येक पायरीवर पाय दणकून ठेवल्याशिवाय मला वर चढताच येत नाही. ही सवय मला विसरवाडीच्या घरमालकांनी लावली. आता त्या वहिनींना विसरवाडी कुठे आणि तो माणूस कसा, हे जिन्यात उभं राहून काय सांगणार? "लक्ष ठेवते हं," म्हणाले आणि सोडून दिलं.

घरमालकांना सगळं गाव चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी ना जात विचारली, ना नवरा कुठे असतो ते विचारलं. एकच अट घातली. "जिना पाय आपटीसन चढानं, बेन. मांजरनामायक नही." मला वाटलं, गंमत करतायत. मी तापीकाठच्या शेतकरी घरातली. आमच्याकडे सुनेच्या पावलांचा आवाज सासऱ्यांच्या कानावर गेला तर त्याची घरात चर्चा होते. इथे सगळं उलटं. पण नोकरी नवी, नवरा धुळ्याला, शाळा खांडबाऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर, आणि दिवसभर खोल्या बघून पायांचे तुकडे पडले होते. त्यांनी जिना नाचत चढायला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

एकदा ताप अंगात होता म्हणून मी कठड्याला धरून हळूहळू चढत होते, तर चाचा हातात काठी घेऊन जिन्याखाली येऊन उभे.

"कोन शे?"

"मीच आहे, चाचा."

"मंग वाजत काबर नही?"

उरलेल्या पायऱ्या मी तापातच आपटत चढले. तेव्हा कुठे ते काठी घेऊन परत गेले.

चाचा पिंजारी. कापूस पिंजायचा आणि गाद्या-उशा भरून आठवडे बाजारात विकायच्या, हा घरचा धंदा. पिंजणं आता यंत्रावर गेलं होतं, पण त्यांच्या लहानपणी वडील धनुकलीवर पिंजायचे. कापूस ओला असला की धनुकलीची तात, म्हणजे तिची दोरी, बसक्या आवाजात बोलते, सरकी राहिली असली की मध्येच अडखळते, हे वडिलांनी त्यांना डोळे मिटून ओळखायला शिकवलं होतं. त्यामुळे असेल, हा माणूस जगाकडे आधी कान करायचा आणि मग डोळे. तुम्ही बोलायला लागलात की चाचा मान वळवून उजवा कान तुमच्यासमोर धरत. नव्या माणसाला वाटायचं, आपल्यावर रुसून बसलेत. भुवयांत कायम कापसाचे तंतू अडकलेले, दाढी पांढरी, आणि सदरा कापडाचा की कापसाचा हे सांगणं अवघड.

"डोळा फसाडस, बेन," ते मला म्हणायचे. "कान नही फसाडत. वाजस तोवर चिंता नही."

हे शेवटचं वाक्य त्यांचं आवडतं. पंखा डुगडुगतोय? वाजस तोवर चिंता नही. हातपंपाचा दांडा कुरकुरतोय? वाजस तोवर चिंता नही. त्या घरातल्या एकाही बिजागरीला तेल माहीत नव्हतं. माझ्या खोलीचं दार इतकं किंचाळायचं की एका सकाळी शाळेत जाण्याआधी मी गुपचूप खोबरेल तेलाचे थेंब सोडले. दार मुकाट झालं. संध्याकाळी शाळेतून येऊन बघते तर बिजागरीत चुलीतली राख कोंबलेली, आणि दार पहिल्यापेक्षा जोरात ओरडतंय. शेळीच्या गळ्यात घंटा होती. चाचीच्या हातात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या होत्या. चाची आत भांडी घासत असेल तर बांगड्या किणकिणत राहायच्या, आणि त्या थांबल्या रे थांबल्या की अंगणातून चाचांची हाक जायची.

"शे का?"

"शे," चाची आतून म्हणायची.

आहेस का, तर आहे. बस, एवढंच. मग चाचा पुन्हा कापूस विंचरायला लागत. दिवसातून किती वेळा हे चाले याची गणती नाही. सुरुवातीला मला हसू यायचं, पुढे वैताग आला, आणि मग कानाला सवय झाली. चाचीला मात्र कधी वैताग आलेला मी पाहिला नाही. ती उजव्या पायाने लंगडायची. संधिवात असेल असं मी धरून चालले होते, आणि विचारायचं कधी सुचलं नाही.

आता गाडीचं सांगते. चाचांकडे एक जुनी पिकअप होती. तिचा मूळ रंग कोणता याबद्दल घरातच एकमत नव्हतं. इंजिन ठणठणीत, पण मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, असा वाजायचा की विचारू नका. सपाट रस्त्यावर खडखड, खडीवर तडतड, आणि गतिरोधक आला की असा दणका की झोपलेलं माणूस उठून बसावं. गाडी माझ्या खिडकीखाली उभी असायची आणि पहाटे निघायची. ती निघाली की वडापावच्या गाडीवाला स्टोव्ह पेटवायचा आणि मी उशी कानावर घ्यायचे. हमरस्त्याचं चौपदरीकरण चालू होतं, सुरतेकडे जाणारे ट्रक रात्रभर घरघरत असत, त्याचं मला काही वाटत नव्हतं. त्या घरघरीत झोप लागायची. पण फाळक्याच्या खडखडीत कुणाला झोप लागल्याचं ऐकिवात नाही.

चाचा रोज एका बाजाराला जायचे. हौद्यात पुढे गाद्या, मध्ये बाजारकरणी बाया आणि त्यांच्या पाट्या, आणि फाळक्याजवळ हातभर जागा रिकामी. तिथे कुणी बसायचं नाही हा कायदा. ज्या दिवशी खांडबाऱ्याची फेरी असे त्या दिवशी मी पुढे केबिनमध्ये बसून शाळेपर्यंत जायचे, कारण सकाळची बस येईलच असा भरवसा नव्हता. गाडी चालवताना चाचा बोलत नसत. मी बोलायला लागले तर एक बोट वर करून मला गप्प करत. फोन घरी ठेवायचा. हॉर्नला ते शिवी म्हणायचे आणि तो कधीच वाजवत नसत. तशीही त्याची गरज नव्हती. गाडी येण्याआधी फाळका येत असे.

आणि मध्येच, भर रस्त्यात, काही कारण नसताना ते गाडी थांबवायचे. उतरून मागे जायचे. क्षणभराने परत यायचे आणि निघायचे. कधी एका फेरीत दोनदा, कधी एकदाही नाही. याचा अर्थ बायांनी केव्हाच लावून टाकला होता. बोंबील विकणारी एक मावशी होती, तोंडाने फटकळ. ती मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, म्हातारा माणूस शे. लघवीना तरास शे त्यास्ले. तुम्ही काही बोलू नका, लाज वाटी." मलाही ते पटलं. मग मावशीने रानातून गोखरू आणले, काढा करून बाटलीत भरला आणि दर बाजारी ती बाटली चाचांच्या हातात ठेवू लागली. चाचा ती तोंड वाकडं करून निमूट पिऊन टाकत. आपल्याला काही त्रास नाही हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. पुढे मला जेव्हा सगळं समजलं तेव्हा या काढ्याचंच जास्त वाईट वाटलं. खरं कारण सांगण्यापेक्षा त्यांना तो कडू काढा सोपा वाटला होता.

फाळक्याचा आवाज बंद व्हावा म्हणून सगळ्यांनी आपापले उपाय करून पाहिले होते. शेजाऱ्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी दिली. ती चाचांनी शेळीच्या दाव्याला वापरली. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदाच त्या गाडीतून प्रवास केला आणि उतरल्यावर त्यांना फोनवरचंही ऐकू येईना. तेही चार गोष्टी सुनावून गेले. मी गोणपाटाचा तुकडा घडी करून फटीत दाबून ठेवायचे. संध्याकाळी तोच तुकडा, झटकून, नीट घडी घालून, माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेला असायचा. असं किती दिवस चाललं. शेवटी मी चौफुलीवरच्या गॅरेजवाल्याला गाठलं आणि म्हटलं, बाबा, तू तरी त्यांना समजाव.

तो हसला. "मॅडम, तो आवाज त्यास्नीच करी लिधेल शे."

"म्हणजे?"

"कडी मजबूत शे. साखळ्या दोन्ही बाजूले जाड शेतस. भोक तेवढं मन्हाकडतीन मोठं करी लिधं. म्हने, फाळका उघडाले नको, पन हालाले पाहिजे."

फाळका उघडायला नको पण हलायला पाहिजे. मी कपाळावर हात मारून घेतला. राखेची बिजागरी डोळ्यांसमोर आली आणि मी ठरवलं की या माणसाच्या नादी आता लागायचं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुरतेला लूमवर कामाला होता. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा राहणारा पोरगा, त्याला घरी आल्यावर तरी शांतता हवी असणार, यात त्याचं काय चुकलं? ईदला तो बायकोमुलांना घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी "जरा जाऊन येतो" म्हणून पिकअप घेऊन नवापूरला गेला आणि दुपारी परत आला. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर गाडी दारात उभी. ती आली केव्हा हेच मला समजलं नव्हतं. चाचा अंगणात पाठमोरे बसले होते, त्यांनाही समजलं नाही. मुलाने खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले.

फाळक्याला नवा हिरवा रंग दिला होता. कडी नवी, आतून जाड रबर चिकटवलेलं, नटांच्या मागे वायसर घालून सगळं आवळून टाकलेलं. मुलाचा चेहरा आनंदाने फुलला होता. चाचांनी फाळका हाताने हलवून पाहिला. हलला नाही. दोन्ही हातांनी हलवला. मग कान लावला.

"चांगलं करं," ते म्हणाले. आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी शिरखुर्म्याची वाटी तशीच ठेवली असं चाचीने मला नंतर सांगितलं.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मी खूष होते. पहाटे मला जाग आली नाही. इतक्या वर्षांत मी प्रथमच विसरवाडीत उजाडेपर्यंत झोपले. पण खांडबाऱ्याच्या फेरीला गाडीत बसले आणि काय झालंय ते दिसायला लागलं. गाव सुटलं नाही तोच चाचांनी गाडी थांबवली. उतरले, मागे गेले, आले. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबले. पुन्हा. चढावर थांबले, उतारावर थांबले, पुलावर थांबले. दर वेळी मागून मावशीचा आवाज येई, "आते काय व्हयनं?" त्या दिवशी मला शाळेत उशीर झाला, आणि मावशीची बाजारातली नेहमीची जागा दुसऱ्या कुणीतरी धरली. असे काही बाजार गेले. मावशीने काढ्याचं प्रमाण वाढवलं. मग एक दिवस तिनेच सांगितलं की आम्ही आता दुसऱ्या गाडीने जातो, चाचास्ले सांगा राग मानू नका. पाट्या गेल्या, बाया गेल्या. हौद्यात नुसत्या गाद्या राहिल्या.

तरी चाचा थांबतच होते. कुणी नसतानाही. थांबण्याचा स्वतःलाच कंटाळा आला की बाहेर मान काढून मागे बघत गाडी हाकायचे. अशातच एकदा गाडीचं पुढचं चाक रस्ता सोडून नाल्याच्या कडेला गेलं. मी ओरडले. गाडी तिरपी होऊन थांबली. कुणाला काही लागलं नाही, पण मला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

"चाचा, पुढे बघून चालवा की. मागे काय आहे एवढं?"

त्यांनी इंजिन बंद केलं. "तेच तं, बेन. मांगे काय शे ते माले आते समजतच नही."

त्या संध्याकाळी त्यांनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि मुलाला फोन केला. मुलगा किती दिवसांपासून म्हणत होता की गाडी विका, घर भाड्याने द्या, आमच्याकडे या. चाचा आजवर त्याचं बोलणं दुसऱ्या विषयावर नेत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "ठीक शे. येतस आम्ही." नवापूरचा एक माणूस गाडी बघून गेला. गाडी किती शांत चालते म्हणून त्याने कौतुक केलं. तो म्हणाला, परवा येऊन घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. धुळ्याला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. जाण्यायेण्यात सहा तास घालवून वर सासूबाईंसमोर प्रसन्न चेहरा ठेवायचा, यापेक्षा खोलीत पडून राहिलेलं बरं वाटलं. दुपारी चाचा नमाजाला गेले आणि चाचीने मला खाली हाक मारली. तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसून खडे वेचायला लागले.

"सुरतले तिसऱ्या मजलावर खोली शे," ती म्हणाली. "मन्हा पायतीन तेवढं चढाई का, बेन? एकदा चढनू तं मंग मरीसनच उतरनू."

"मग चाचांना सांगा ना, नको म्हणून."

"सांगू काय? गाडी नही तं त्या आठे बठीसन करतीन काय?" ती थोडा वेळ सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, "तुले मन्हा पायनं माहीत नही ना?"

मी नाही म्हटलं. तिने जे सांगितलं ते तांदळातून मान वर न काढता सांगितलं. लग्नानंतर काही वर्षांनीची गोष्ट. खांडबाऱ्याच्या बाजाराला दोघंच निघाले होते. चाचा चालवत होते, ती मागे गाद्यांजवळ. मुलगा पोटात होता, झोप येत होती, म्हणून ती फाळक्याला टेकून बसली. नाल्याच्या वळणावर कडी सुटली. ती खाली रस्त्यावर पडली आणि गाडी पुढे निघून गेली.

"त्यास्ले समजनंच नही," चाची म्हणाली. "फाळका तवय घट्ट व्हता, वाजे नही. खांडबाराले गयात, गाडी लाई, अन् मांगे न बघताच हाक मारी, 'शे का?' बोलाले कोन व्हतं? मी तं नालावर पडेल. एक ट्रकवालानी उचलीसन दवाखानामा नेलं. पोट वाचनं. पाय गया."

मी हातातला खडा धरून बसले होते. मला एकदम खूप थकल्यासारखं झालं. जिना, बिजागरी, बांगड्या, शेळीची घंटा, रस्त्यात थांबणारी गाडी, गोखरूचा काढा. कायदा मोडून फाळक्याला कुणी टेकलं की त्याची खडखड थांबते, आणि खडखड थांबली की चाचा थांबतात. इतकी साधी गोष्ट होती. एवढी वर्षं मी त्या गाडीत पुढच्या सीटवर बसत होते आणि मला वाटत होतं की म्हाताऱ्याला लघवीचा त्रास आहे.

"मुलाला हे माहीत नाही?"

"त्याले काय सांगानं? तू पोटमा व्हता तवय तुन्हा बापनी तुले रस्तावर सांडं, असं सांगू?" तिने सूप बाजूला ठेवलं. "पाना धरता येस का तुले?"

मला पाना धरता येत नव्हता. तिलाही येत नव्हता. पण ती लंगडत आत गेली आणि चाचांची अवजारांची पेटी फरफटत घेऊन आली. भर दुपारच्या उन्हात आम्ही दोघी त्या हिरव्या फाळक्यापुढे बसलो. रबर इतकं घट्ट चिकटवलेलं की नखं तुटायची वेळ आली. शेवटी चाचीने भाजी चिरायची सुरी आणली आणि ते माशाच्या खवल्यांसारखं खरवडून काढलं. नट मात्र हलेना. मी पान्यावर लोंबकळले, चाचीने हातोडी मारली, पाना सटकून माझ्या पायावर पडला. पाय धरून मी बसले तेव्हा चाची आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. त्या घरात लोखंडाला उघडपणे तेल लागलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. नट फिरला. आम्ही वायसर काढून टाकले. नवी कडी आणि साखळ्या तशाच ठेवल्या, कारण पोराचं काम मजबूत होतं आणि तेवढं त्याचं राहायला हवं होतं. चाचीने फाळक्याला धक्का दिला.

खड.

"अजून सैल," ती म्हणाली.

आम्ही अजून सैल केला. हात काळे, पदर तेलकट, माझ्या अंगठ्याचं नख निळं. वळून बघितलं तर चाचा दारात उभे होते. केव्हा आले होते कोण जाणे. आम्हीच इतका आवाज करत होतो की काही ऐकू आलं नव्हतं.

"काय करी ऱ्हायनात?"

"गाडी बिघाडी ऱ्हायनूत," चाची म्हणाली.

चाचा जवळ आले. त्यांनी फाळका हलवला, मान वळवून उजवा कान धरला, पुन्हा हलवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. मग त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि नट आणखी थोडा सैल केला. खडखड आता जुन्यासारखी नव्हती. नव्या कडीचा आवाज जरा पातळ होता. पण वाजत होता.

"चाला," चाची म्हणाली. "मी बठस."

चाचांनी केबिनचं दार उघडून धरलं. पाय मोडल्यापासून चाची त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. माहेरीही ती बसनेच जायची; त्याचा अर्थ मला त्यांच्या दार धरण्यावरून आता कळला.

"पुढे नही," ती म्हणाली. "मांगे."

चाचांनी केबिनचं दार लावलं आणि आतून एक गादी आणून हौद्यात अंथरली. मला तिच्याबरोबर बसायला खुणावलं. तिला वर चढवताना त्यांनी आधी तिचा दुखरा पाय उचलून ठेवला, मग तिला. फाळका लावला, कडी घातली, दोन्ही साखळ्या अडकवल्या, ओढून बघितल्या. मग पुढे जाऊन बसले.

गाडी खांडबाऱ्याच्या रस्त्याला लागली. दुपारची वेळ, रस्ता रिकामा, दोन्ही बाजूला सागाची पानं धुळीने पांढरी झालेली. फाळका वाजत होता. चाची केबिनच्या पाठीला टेकून, एका हाताने हौद्याची कड धरून, रस्त्याकडे बघत होती. तिच्या बांगड्या गाडीबरोबर किणकिणत होत्या. नाल्याचं वळण आलं तेव्हा ती म्हणाली, "आठेच."

मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला. मग पाय सावरत ती बसल्या बसल्या मागे सरकली. त्या रिकाम्या हातभर जागेत गेली आणि फाळक्याला पाठ टेकून बसली.

खडखड थांबली.

तिने पूर्ण भार टाकलाही नव्हता तोवर गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन बंद झालं. मला वाटलं चाचा नेहमीसारखे उतरून मागे येतील. ते उतरले नाहीत. केबिनच्या मागच्या काचेतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"शे का?"

चाचीने आधी डोक्यावरचा पदर नीट केला. मला भीती वाटली की ती रडतेय, पण ती रडत नव्हती.

"शे," ती म्हणाली. "आज वखतवर इचारं तुम्ही."

चाचांनी गाडी सुरू केली नाही. चाची फाळक्यापासून पुढे सरकून पुन्हा केबिनला टेकली, तेव्हाच त्यांनी ती सुरू केली.